सव्वासहाचा चोर

झाशीच्या लक्ष्मी गेटच्या आत, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत अनंतराव आणि त्यांच्या पत्नी वसुंधराबाई राहतात. अनंतरावांची सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी पहाटे पाचला डोळे उघडतात. मग चहा, आणि मग सव्वासहाची वाट.

सव्वासहाला एरच गावाहून कमलिनीताईचा, अनंतरावांच्या थोरल्या बहिणीचा, फोन यायचा. दोन रिंगा वाजायच्या आणि बंद. मग अनंतराव तिला दोन रिंगा द्यायचे आणि बंद करायचे. झालं, त्या दिवसाचं बोलणं संपलं.

ही रीत लहानपणची. वडील भुसावळहून बदलून झाशीजवळच्या एका लहान स्टेशनावर मास्तर म्हणून आले होते. गाडी सोडण्याआधी ते पुढच्या स्टेशनला तारेवरून घंटेचे दोन ठोके द्यायचे: लाइन मोकळी आहे का? तिकडचा मास्तर तेच दोन ठोके परत पाठवायचा, म्हणजे त्याला ऐकू आलं. पोरांनी ते उचललं. जेवताना भांडण झालं की दोघं पाठ फिरवून बसत. थोड्या वेळानं ताई वाटीवर दोनदा चमचा वाजवी. अनंता जरा भाव खाई, पण शेवटी आपल्या वाटीवर दोन ठोके देई. भांडण तिथंच मिटे. सुरुवात नेहमी ताईनं करायची, कारण ती मोठी.

सत्तरीत ताईचे कान गेले. कानाला लावायचं यंत्र आणलं, पण त्यातून नुसता वारा वाहतो म्हणून तिनं ते डब्यात घालून ठेवलं. फोनवर बोलणं म्हणजे दोन्हीकडून नुसता आरडाओरडा. पण फोन मुठीत धरला की थरथरतो, ते तिला कळायचं. रिंग देताना ती मनात दहापर्यंत मोजायची आणि लाल बटण दाबायची. अकरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

यंदा नवरात्रानंतर अनंतरावांना एका तोतया पोलिसाचा फोन आला. ‘तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय,’ म्हणाला. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. अनंतरावांनी चष्मा लावून कागद-पेन्सिल घेतली आणि विचारलं, “बिल्टी नंबर बताइए.” तो अटकेची धमकी देई, हे बिल्टीचा, म्हणजे पार्सलच्या पावतीचा, नंबर मागत. तासाभरानं वसुंधराबाईंनी हातातून फोन ओढून घेतला म्हणून बरं.

दिवाळीला मुलगा पराग नोएडाहून आला. त्यानं ही हकीकत ऐकली आणि वडिलांच्या फोनवर राखण करणारं, पैसे भरून घ्यायचं एक ॲप बसवलं.

“हे बघा बाबा, ओळखीचे नंबर तेवढे आत येणार. बाकीच्यांसाठी फोन वाजणारसुद्धा नाही.”

त्यानं डॉक्टर, गॅसवाला, बिजलीवाला, ताईचा मुलगा हृषीकेश अशी नावं भरली. “आणखी कुणी?”

अनंतरावांनी आठवून पाहिलं. “नाही रे. एवढेच.”

त्याच दिवशी भाऊबीज होती. परागची संध्याकाळची गाडी होती, अनंतरावांचा गुडघाही कुरकुरत होता. दर वर्षी ते बसनं एरचला जात. यंदा त्यांनी हृषीकेशला निरोप पाठवला, पुढच्या आठवड्यात येतो. उलट निरोप आला: ‘आई रागावली आहे. अनारसे केले होते.’

त्यानंतरच्या सकाळी सव्वासहाला फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी अनंतरावांनी रीत मोडली. दहा वाजता आपण होऊन ताईला दोन रिंगा दिल्या आणि फोन मांडीवर घेऊन बसले. अकरा वाजले. फोन गप्प.

“हृषीकेशला विचारा ना,” वसुंधराबाई म्हणाल्या.

विचारलं. ‘आई ठीक आहे मामा. दिवसभर अंगणात बसलेली असते,’ असं उत्तर आलं. म्हणजे तब्येत बरी होती. म्हणजे रागच होता. आता अनंतरावांनाही राग आला. एका भाऊबीजेपायी अकरा वर्षांचा नेम मोडायचा? गुडघ्याचं निमित्त करून त्यांनी एरचला जाणंही पुढे ढकललं. पण राग दुपारपर्यंतच टिके. सकाळी पुन्हा ते चहाचा पेला हातात धरून फोनकडे पाहत बसत, आणि चहावर साय धरे.

फोनवर मात्र रोज सकाळी साडेसहाला न चुकता एक हिरवी ढाल उगवायची. खाली अक्षरं: ‘आप सुरक्षित हैं. आज 1 अनचाही कॉल रोकी गई.’

“आजही एक आला होता,” अनंतराव सांगत.

“आपल्याकडे कुठला खजिना पुरलाय म्हणून येतो मेला?”

“कोण जाणे. पण रोज येतो. अगदी नेमानं.”

“मग तुमच्या बहिणीपेक्षा बरा म्हणायचा.”

अनंतराव उठले. पेला उचलून मोरीत ठेवून आले.

रविवारी नातीचा, रेवाचा, व्हिडिओ फोन यायचा. रेवाला मराठी सगळं कळतं, पण बोलताना तोंडात हिंदीच येते. चौथ्या रविवारी आजोबांनी तिला कौतुकानं ढाल दाखवली.

“रोज़ एक ही कॉल, आजोबा? अजीब है. ये लोग तो दिन में दस बार करते हैं. देखिए तो सही, है कौन!”

“तुझ्या बाबानं कुलूप घातलंय. पिन मागतं.”

“पापा का पिन? मेरा बर्थडे डालिए. उन्हें और कुछ याद ही कहाँ रहता है!”

कुलूप उघडलं. यादी खाली खाली जात राहिली. प्रत्येक ओळीत तोच नंबर, आणि वेळ सव्वासहा, कधी सहा सोळा.

“नंबर पढ़िए, आजोबा.”

अनंतरावांनी पहिले चार आकडे वाचले. पुढचे सहा त्यांनी पडद्याकडे न बघताच म्हटले.

“आपको याद है? किसका है?”

त्यांचं बोट यादीवरून सरकत होतं. ज्या दिवशी त्यांनी दहा वाजता रिंग दिली होती, त्या दिवशी दहानंतर एकाखाली एक अकरा ओळी होत्या.

वसुंधराबाई मागून डोकावल्या. “अगंबाई! ताईंचा नंबर फोनमध्ये नव्हताच?”

“पाठ आहे मला.”

“तुम्हाला पाठ आहे. फोनला कुठे पाठ आहे?”

अनंतराव ओशाळले. गॅसवाल्याचं नाव लिहून ठेवायचं, कारण तो परका. घरच्या माणसाचं काय लिहायचं? रेवानं एकेक बटण सांगितलं, त्यांनी ‘ताई’ अशी दोन अक्षरं भरली. ‘क्या आप इस नंबर पर भरोसा करते हैं?’ असं फोननं विचारलं. त्यांनी ‘हाँ’वर अंगठा जरा जास्तच जोरानं दाबला.

रेवाचा निरोप घेऊन त्यांनी एरचला रिंग दिली. एक वाजली. दुसरी वाजायच्या आत तिकडून फोन उचलला गेला. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“अनंता, तूच ना रे? तू बोलू नकोस, मला काही ऐकू यायचं नाही. मीच बोलते.”

मागच्या वर्षीच्या भाऊबीजेनंतर हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. तो थोडा चिरकला होता. मागे कुठेतरी कुणी शेळ्या हाकत होतं.

“मी रोज रिंग देते आणि तू देत नाहीस. मी हृषीकेशजवळ तुझ्या नावानं बोटं मोडली, ती त्यानं तुला कळवली असतील. कळवू दे मेल्याला. पण एवढा राग? मी सुरुवात करत होते की रे. अनारसे ठेवलेत अजून, मऊ पडलेत.” ती दम घ्यायला थांबली. “बरं, असं कर. रागावला नसशील तर फोन कट कर. म्हणजे मला कळेल.”

अनंतरावांचा अंगठा लाल बटणावर गेला आणि तिथंच राहिला. पलीकडे ताईचा श्वास ऐकू येत होता.

“अहो, करा ना कट!” वसुंधराबाई कुजबुजल्या. “तिकडे जीव टांगणीला लागलाय त्यांचा.”

“करतो. जरा थांब.”

“अनंता?” ताईचा आवाज बारीक झाला. “अजून रागच आहे का रे?”

“नाही गं ताई,” ते मोठ्यानं म्हणाले. खाली शिंप्याचं मशीन थांबलं, एवढ्या मोठ्यानं. पलीकडे नुसता श्वास.

मग त्यांनी बटण दाबलं.

तिचा श्वास तुटला, शेळ्याही गेल्या. अनंतराव बंद फोन कानाला लावून तसेच उभे राहिले.

“एरचची पहिली बस कितीला असते?” वसुंधराबाईंनी पिशवी शोधत विचारलं.