दुसऱ्याचा खुंट

साहेब लोक किनाऱ्यावर उतरले की आधी नाकाला रुमाल लावत. बोंबील वाळत घातलेत तर बोंबलाचाच वास येणार, अत्तराचा थोडाच! मला तेव्हापासून त्यांची शिसारी.

मी नुकती बोईसरच्या बाजारात टोपली घेऊन बसायला लागले होते. समुद्रात पवनचक्क्या उभारून वीज करायची, त्याआधी वर्षभर वारा मोजायचा, म्हणून त्यांना पाण्यात लोखंडी खांब ठोकायचा होता. तळाशी खडक कुठे, चिखल कुठे, हे त्यांना काय कप्पाळ ठाऊक! माझा बाप होडीचा तांडेल, होडी हाकणारा; त्यांनी त्याला विचारलं, "तांडेल, खांब कुठे धरेल?"

आमचं जाळं समुद्राच्या तळात ठोकलेल्या लाकडी खुंटांना बांधायचं. ज्याच्या आजाने जिथे खुंट ठोकला, ती जागा त्या घराची. दुसऱ्याच्या खुंटाला हात लावणं म्हणजे चोरी. आमचं सगळं घर त्या एका जागेवर चालायचं.

आणि बाबाने सांगून टाकलं, "आमच्या खुंटाजवल चिखल घट हाय. तितं धरंल."

तिथेच ठोकला त्यांनी. वर वाऱ्यावर फिरणाऱ्या वाट्या. वर्षाने वाट्या काढून नेल्या, खांब ठेवला तसाच. पवनचक्क्यांचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

खांब गंजून कलला. मी म्हटलं, "बाबा, पावसाआदी कापून टाक तो!"

"खुंट त्यांचा हाय. मालकाला न इचारता कसा हात लावू?"

"कसला मालक? घाण टाकून गेलेत मेले!"

त्याने गुरुजींकडून अर्ज लिहवून घेतला. परवानगीचा! उत्तर कसलं येतंय? पावसाळ्यात खांब मोडला, बुडखा पाण्याखाली राहिला. नारळी पुनवेनंतर पहिल्याच फेरीत जाळं त्याच्यावर फाटलं. उसनवारी करून दुसरं आणलं, तेही फाटलं. बाबाने आजाची जागा सोडली आणि लोकांच्या होडीवर खलाशी म्हणून जायला लागला. मला त्या साहेबांची किळस आली, आणि खरं सांगते, बाबाच्या भलेपणाचीही आली. तोंडाला येईल ते बोलले मी त्याला.

काही वर्षांनी दोघं नवे साहेब आले. रुमाल तेच. बाबा किनाऱ्यावर बसलेला, नजर अधू झालेली. पुन्हा तोच प्रश्न. बाबा बोलायच्या आत मी देवळासमोरच्या खडकाळ पाण्याकडे बोट केलं, "तितं जा. चिखल घट हाय."

ते होडीकडे वळले. बाबा धडपडत उठला, ओरडला, "साएब, नको! तितं खडक हाय, होडी फुटंल!" आणि त्यांना हाताला धरून आमची जुनी जागा दाखवली, पाण्याखाली बुडखा कुठे आहे तेही सांगितलं.

मग माझ्याकडे वळला. "शी!" म्हणाला.

दोन जाळी फाटली तेव्हा त्या लोकांनाही तो असं म्हणाला नव्हता.