खोळंबलेली पंगत

बापूमामांना पंगतीत बसलेलं पुणतांब्यात कुणी पाहिलं नाही. लग्न असो, तेरावं असो, मामा कमरेला उपरणं गुंडाळून, हातात आमटीची बादली घेऊन रांगांमधून फिरत असायचे. ते माझ्या आईचे सख्खे भाऊ. स्वतःच्या रानाला पाणी द्यायला विसरतील, पण दुसऱ्याच्या मांडवात कुणाच्या पत्रावळीवर मीठ राहिलं, हे त्यांना लांबून दिसायचं. सगळं गाव जेवून उठलं की चुलवणाशेजारी बसून तळाची आमटी ओरपायचे आणि वर म्हणायचे, खरी चव तळालाच असते.

पंगत खोळंबलेली त्यांना खपत नसे. एका लग्नात नवऱ्या मुलाचे चुलते मानपानावरून रुसले आणि ताटाला हात लावेनात. ते मानाचे पाहुणे, त्यामुळे सगळी रांग हात आखडून बसली. मामा त्यांच्यापुढे उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "पाव्हनं, भांडान मांडवाशी करा, ताटाशी नको. लेकरं भुकेली बसल्यात." चुलत्यांनी मुकाट्याने घास घेतला. भांडण नंतर यथासांग झालं.

मामी लवकर गेली. मागे मामा आणि लहानगी शैला. दोघं बापलेक चुलीपुढे एकत्रच स्वयंपाक शिकले. शैलाचं कालवण खारट झालं तरी मामा चाटूनपुसून खायचे. पुढे ती हॉटेलचा कोर्स करायला नगरला निघाली, तेव्हा भावकीतला एक जण म्हणाला, पोरगी हॉटेलात भांडी घासणार. मामा म्हणाले, "घासंल. तुमच्या घरी घासन्यापरीस बरं."

शैला पुण्याच्या एका बड्या हॉटेलात कँटोनीज, म्हणजे दक्षिण चीनकडचं, जेवण करायला शिकली. हे आपल्या चौकातल्या गाडीवरचं लालभडक चायनीज नव्हे. ना तिखट, ना मसाला, बरंचसं नुसतं वाफवलेलं. तिथेच तिचं नितीनशी जमलं, लग्नही झालं. आणि मामांनी तिच्या हातचं खाणं बंद केलं. आमच्याकडे जुनी रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. मामा तिच्याकडे जायचे ते कांदे, शेंगा आणि स्वतःची भाकरी घेऊन. पाण्याची बाटलीसुद्धा घरची. तिने ताट वाढलं की म्हणायचे, "रीत हाय शैले, राग न्हाई." आणि तिच्याच घरात बसून आपल्या भाकरीचं फडकं सोडायचे.

वर्षं गेली. एकदा शैला फोनवर मला म्हणाली, "दादा, डॉक्टरांनी सांगितलंय, मला मूल होणार नाही. मग बापू माझ्या हातचं कधीच खाणार नाहीत का?" मला मामांचा भयंकर राग आला. साऱ्या जगाला आग्रह करून वाढणारा माणूस पोटच्या पोरीपुढे फडकं सोडून बसतो, म्हणजे काय!

शैला त्या हॉटेलच्या किचनची मुख्य झाली तेव्हा तिने आम्हा सगळ्यांना रविवारी दुपारी तिथेच जेवायला बोलावलं. मामांनी आधी मला विचारून घेतलं, हॉटेल कुणाचं? म्हटलं, मोठ्या कंपनीचं. "मंग लेकीचं न्हाई," असं म्हणून त्यांनी ठेवणीतली इस्त्रीची टोपी बाहेर काढली.

गोल टेबलाच्या मध्यभागी फिरती काच होती. ती फिरवून पाहत मामा म्हणाले, वाढप्याचं काम गेलं म्हणायचं. बिनदुधाचा चहा इवल्याशा कपात आला. वाढलेलं टाकायचं नाही म्हणून मामा कप रिकामा करायचे आणि रिकामा दिसला की वेटर भरायचा. असं बरंच चाललं. शेवटी नितीनने सांगितलं, बापू, कप भरलेलाच ठेवा.

मग पांढऱ्या कोटातली शैला स्वतः अख्खा वाफवलेला मासा घेऊन आली. वर आलं आणि कांद्याची पात. माशाचं तोंड तिने मामांकडे केलं. बापाशी बोलताना तिची भाषा आपोआप गावाकडे वळायची.

"बापू, ह्या लोकांत माशाचं तोंड थोरल्या मानसाकडं करत्यात. त्यानं घास घेतल्याबिगर कुनी खात न्हाई."

"केलाय कोनी?"

"म्या."

मामांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. शैलाने आग्रह केला नाही, ती नुसती उभी राहिली. आम्ही कुणीच ताटाला हात लावला नाही. माशावरची वाफ विरत चालली. मामांनी एकेकाकडे पाहिलं. नितीनकडे, माझ्याकडे. नितीनच्या आईला साखरेचा आजार, तिला वेळेवर खावं लागतं. ती रिकाम्या बशीवर बोटं फिरवत होती. तिच्यावर मामांची नजर थांबली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यापायी पंगत खोळंबली होती.

त्यांनी जेवायच्या काड्या बाजूला सारल्या आणि हातानेच माशाचा तुकडा तोडून तोंडात घातला.

"घ्या आता," ते म्हणाले. जरा वेळाने शैलाकडे न बघताच म्हणाले, "मीठ बरुबर हाय." आणि पुन्हा माशाला हात घातला.

संध्याकाळी सगळे शैलाच्या घरी गेलो. मामांच्या पिशवीत भाकरी होतीच. ते खुर्चीत टेकले, डोक्यावरची टोपी काढली आणि हाक मारली, "शैले, पानी आन." तिने तांब्या आणला. मामांनी सगळा तांब्या संपवला.

त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत. अंथरूण धरलं तेव्हा गावी थांबायला तयार होईनात, शैलाकडेच न्या म्हणाले. भावकीतले भेटायला आले, तेव्हा ती त्यांना पेज भरवत होती. कुणीतरी म्हणालंच, बापू, रीत मोडलीत.

"मोडली," मामा म्हणाले. "लई आधी मोडाया पायजे हुती. माजं पोट भरत हुतं रं भाकरीनं. उपाशी हुती ती पोरगी."