चौकस शकुबाई

त्या दिवशी दुपारी शकुबाईनं तीनदा विचारलं, "लते, दारात कोण उभं हाय गं?"

दारात कोणी नव्हतं. द्वारका चौकाच्या मागं ट्रकांची गॅरेजं, त्यांच्यामागं चाळीतली ही एक खोली. शकुबाईला चार दिवस ताप. सून लताबाई स्टोव्हवर भात टाकत होती. चौथ्यांदा विचारलं तशी ती चिडली.

"आत्या, पडल्यापडल्या पण भोचकपणा सुटत नाय का तुमचा?"

म्हातारी हसली. "भोचक नको म्हणू. भोचक माणूस विचारतं अन् चार घरी सांगत फिरतं. मी चौकस हाय. मी विचारते अन् उठून मदतीला जाते." मग हळूच म्हणाली, "एकदा बघ तरी."

लतानं वळून पाह्यलं नाय. भात शिजेस्तोवर म्हातारी गेली होती. डोळे दाराकडंच.

खोटं नव्हती बोलली ती. जन्मभर उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायची. "कोणाचा रे तू? जेवला का?" लोक हसायचे, "शकुबाईचं जकात नाकं चालू झालं." पण अठ्ठ्याहत्तर साली शेजारचा भिकन ड्रायव्हर दोन दिवस दिसला नाय, तर तिनंच दाराची कडी तोडायला लावली. कावीळ होऊन पडला होता. वाचला.

अन् चाळीत कोणी गेलं की पाटी उचलायला हीच लागायची. माणूस गेलं त्या जागी पीठ चाळून पसरायचं, वर बांबूची पाटी पालथी घालायची, शेजारी दिवा. सकाळी पिठात पाऊल उमटेल त्यावरनं कळतं, जीव कुठल्या जन्माला गेला. बाकीचे मागं सरायचे. ही गुडघे टेकून निवांत बघायची.

लतानं एकदा विचारलं होतं, "भीती नाय वाटत, आत्या?"

"वाटती की. पण बघायचं राह्यलं तर जास्त वाटती."

आता दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच पाटीला कोणी हात लावीना. तिचा मल्हारी, लताचा नवरा, तोही भिंतीला टेकून उभा. शेजारची सखुबाई म्हणाली, "लते, तू होती ना जवळ. तूच उचल."

लता रातभर झोपली नव्हती. एकदा वळून बघितलं असतं तर काय जात होतं आपलं?

ती खाली बसली अन् थबकली. पाटी नीट टेकलेली नव्हती. दाराकडच्या अंगाला काठ दोन बोटं वर, खाली पीठ दाबून साचलेलं. उचलली. पाऊल कुठंच नाय. नुसतं पीठ दाराकडं सरकलेलं, कोपर टेकून कोणी बाहेर डोकावावं तसं.

"उंदीर असंल," मल्हारी म्हणाला.

लतानं पाटी बाजूला ठेवली अन् वळून दाराकडं पाह्यलं. मोकळा उंबरा, पलीकडं गॅरेजचा पत्रा.

तिनं पदर डोक्यावर घेतला. "कोण हाय?" म्हणाली. "उभे का? आत या. जेवलात का?"