हौसाआत्यांची विहीर

हौसाआत्या नऊवारीचा काष्टा घट्ट खोचायच्या, चष्मा काढून पायरीवर ठेवायच्या आणि काठावरून थेट विहिरीत उडी टाकायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नवी नवरी होते. पन्नाशी उलटलेली बाई अशी पाण्यात कोसळताना पाहून मी किंचाळलेच. त्या वर आल्या, तोंडावरचं पाणी निपटलं आणि म्हणाल्या, "वरडतीस कशाला? पाणी माणसाला खात न्हाई, भ्याव खातंय."

आत्या माझ्या सासऱ्यांच्या चुलतबहीण. नवरा गेल्यावर माहेरी, पाबळजवळच्या आमच्या वस्तीवर परतलेल्या. वस्तीवरची पोरं त्यांच्याकडेच पोहायला शिकली. पाठीला रिकामा प्लास्टिकचा कॅन, कमरेला दोर आणि दोराचं टोक आत्यांच्या हातात. नाकातोंडात पाणी गेलं, पोर रडायला लागलं, तरी त्या लगेच ओढून घेत नसत. "हाय मी हितं. पर पाय तुलाच हालवायचेत," म्हणायच्या. दोर मात्र त्यांनी कधी सोडला नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेचा, मंदाचा, मुलगा शेततळ्यात बुडाला. कडेच्या प्लास्टिकवरून पाय घसरला, वर यायला धरायला काहीच नव्हतं. त्याला पुढच्या उन्हाळ्यात पोहायला शिकायला विहिरीवर न्यायचं ठरलं होतं. त्यानंतर घराघरांतून पोरांना पाण्याची बंदी झाली. मंदाची मुलगी आर्या तर अंगावर तांब्याभर पाणी घ्यायलाही थरथरायची.

तेरावं उरकलं. मग एका सकाळी आत्या मंदासमोर येऊन बसल्या.

"मंदे, तुझ्या दुःखाम्होरं मी काय बोलू? पर ही पोरगी हाय. तळी तर रानोरान झाल्यात. तिला कवापत्तूर धरून बसशील?"

मंदा उसळली. "एक गेला तेवढा पुरे न्हाई का तुम्हाला?"

 दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा आल्या. मंदाच्या नजरेसमोरच आर्याला घेऊन गोठ्याच्या हौदापाशी बसल्या, तिच्याबरोबर नुसते पाय पाण्यात सोडून. आर्या कधी नको म्हणाली, की लगेच उठायच्या, म्हणायच्या, "नगं म्हणाली तर नगं. लेकराच्या नगंलाबी मान द्यावा लागतो."

असा हिवाळा गेला. उन्हाळ्यात एक दिवस आर्याच म्हणाली, "आत्याआजी, आज विहिरीवर जाऊ." मंदा मागोमाग आली. आत्यांनी आर्याच्या कमरेचा दोर मंदाच्याच हातात दिला आणि स्वतः पाण्यात उतरल्या. "तू धर. तुझ्या हातात असला म्हंजी ती भिणार न्हाई."

आर्या पाण्यात गेली, गटांगळी खाल्ली आणि ओरडली, "आई, वढ!" मंदानं दोर आवळला.

"जरा थांब," हाताच्या अंतरावरून आत्या म्हणाल्या. "बघ तिच्याकडं."

आर्या खोकत होती, रडत होती, पण पाय मारत होती. वेडेवाकडे हात टाकत तिनं पायरी गाठली. मंदानं तिला छातीशी धरलं आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. रडून झाल्यावर पदरानं तोंड पुसत तिनं विचारलं, "आत्या, माझ्या वयाला शिकता येतंय का?"

"व्हय की," आत्या म्हणाल्या. "काष्टा घाल."

आत्यांची शेवटची विद्यार्थिनी मंदाच ठरली. दिवाळीनंतर गुडघ्यांनी दगा दिला आणि दौंडला दिलेली त्यांची लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. आता वस्तीवरची पोरं मंदाकडे शिकायला येतात. आर्या रोज त्याच शेततळ्याच्या कडेनं शाळेला जाते. मंदा दारात उभी राहून तिच्याकडे पाहते, पण हाक मारून तिला परत बोलावत नाही.