वही पिशवीत ठेव

"हाय तेवढंच सांगतो," असं म्हणून तो उजव्या हाताचं बोट डोळ्यांसमोर आडवं धरायचा आणि मगच बोलायला लागायचा. वीस वर्षं महाडच्या औद्योगिक वसाहतीत केमिकलच्या प्लांटवर ऑपरेटर होता. दर तासाला मीटरचा काटा बघायचा आणि लॉगबुकात लिहायचं, हे त्याचं काम. काटा साठवर असला तर साठ. साहेबाला एकसष्ट हवा असला तरी साठ.

मी त्या वसाहतीच्या शिफ्ट-बसचा ड्रायव्हर. पोलादपूरला माणसं भरायची आणि महाडला ओतायची. तो माझ्या मागच्याच सीटवर बसून माझा जोडधंदा बुडवायचा. जोडधंदा म्हणजे गप्पा. सावित्रीत मी एक मगर पाहिली होती. पहिल्या वर्षी ती पाच हातांची होती, पण दरवर्षी सांगून सांगून तिला मी चांगलं खाऊपिऊ घातलं, तेव्हा हल्ली ती माझ्या बसपेक्षा दोन सीट लांब भरते. मी शेपटापर्यंत पोचलो की मागून आवाज यायचा, "डायवर, मी पन होतो तितं. चार हात. आनि ओंडका असायची पन शक्यता हाय." अख्खी बस माझ्यावर हसायची.

त्याचं घर कुडपणच्या बाजूला, डोंगरावरच्या एका वाडीत. बायको, आईबाप आणि एक मुलगी. मुलगी सहा वर्षांची झाली तरी तिच्याकडे चारच शब्द होते: पाणी, नको, आजी आणि बस. त्याच्या मुंबईच्या भावाने तिला तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ऑटिझम. वाडीत ज्याला त्याला त्याच्यावर औषध माहीत होतं. याला मात्र एकच काम येत होतं, ते त्याने केलं. जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि मुलीचं लॉगबुक सुरू केलं. 'सकाळी आठ दहा. मिक्सर लावला. कान झाकले. आठ पंचवीस. शांत. भात खाल्ला, वरण वेगळं.' अशी पानंच्या पानं.

मग शाळा शोधायची वेळ आली. सुट्टीच्या दिवशी माझ्या मोटरसायकलवर मागे तो, मांडीवर वही, असे आम्ही महाड पालथं घातलं. पहिल्या शाळेतल्या बाईंनी वहीची दोन पानं वाचली, शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि जागा भरल्याचं कळवलं. दुसरीकडचे सर म्हणाले, "हिच्यासाठी वेगळी शाळा बघा."

"कुठं हाय ती?"

"मुंबईला असेल. पुण्याला असेल."

तिसऱ्या शाळेच्या फाटकात मी गाडी लावली. शाळा एवढी मोठी की वरच्या मजल्यावरून गोवा दिसत असावा. मी त्याला म्हणालो, "वही पिशवीत ठेव. आज मी बोलतो."

"खोटं नको सांगू, रे."

"खोटं कशाला? जरा फुगवतो. भाकरी फुगली म्हणून काय ती भाकरी राहत नाही?"

आत गेल्यावर मी मुलीचा मामा झालो. भाची लाजाळू आहे म्हणालो. वसाहतीच्या सगळ्या बसचे नंबर तोंडपाठ आहेत म्हणालो. खरं तर तिला माझ्या एका बसच्या नंबरावरून बोट फिरवायला आवडायचं, एवढंच. गर्दीत तर अशी रमते म्हणालो की घरी यायला बघत नाही, आणि आवाजाचं म्हणाल तर आमच्या घरी अखंड भजन. सर खूश. तो शेजारी बसून फरशीकडे बघत होता. आज त्याचं बोट वर आलं नाही. प्रवेश मिळाला आणि बाहेर आल्यावर मी त्याच्याकडून वडापाव खाल्ला, हेही सांगून टाकतो.

मुलगी आईबरोबर महाडला खोली घेऊन राहिली आणि तीन-चार महिने बरे गेले. मग स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या. स्पीकर लागला तशी ती बाकाखाली शिरली. वर्गाच्या बाई तरुण होत्या, हौशी होत्या. लाजाळू मूल गर्दीत रमतं, असं मामांनीच सांगितलेलं. त्यांनी प्रेमाने तिचे दोन्ही हात धरून तिला नाचाच्या रांगेत ओढलं. ती बाईंना कडकडून चावली आणि मग स्वतःचं डोकं बाकावर आपटत राहिली.

शाळेचा फोन आला तेव्हा मी प्लांटच्या फाटकावरच होतो. त्याला घेऊन गेलो. ती ऑफिसच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. बाईंच्या हाताला पट्टी. त्या रडत म्हणाल्या, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो." त्याने पिशवीतून वही काढून त्यांच्यापुढे धरली. पहिल्याच पानावर होतं: 'मोठा आवाज झाल्यास धरायचं नाही. दार दाखवायचं. आपण होऊन बाहेर जाते.'

त्या दिवसापासून तिचे चारही शब्द गेले.

तो मला लागेल असा एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. आठवड्याने बसमध्ये मीच विषय काढला, तर म्हणाला, "रीडिंग मी दडपलं. प्लांटवर असं कोनी केलं असतं तर मीच त्याला गेटाबाहेर काढला असता."

"दडप म्हणून मी सांगितलं होतं."

"तू डायवर. लॉगबुकावर सही माझी असते."

मुलगी वाडीवर परत गेली. तिथे जिल्हा परिषदेची शाळा होती, घरापासून हाकेवर. नऊ पोरं, एक बाई. ही शाळा आम्ही मोजलीच नव्हती. महाडला एवढी गोव्यापर्यंत दिसणारी शाळा असताना ही कोण मोजणार? तिथल्या बाईंनी पायरीवर बसून वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तोवर वर्गात एक बकरी येऊन फळ्यावरची बेरीज बघून गेली. वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, "पाणी स्टीलच्या पेल्यात घेते की प्लास्टिकच्या?"

"हे वहीत नाय," तो म्हणाला.

"म्हणून तर विचारते."

हे त्याने मला बसमध्ये सांगितलं.

बाई रोज वहीत लिहायला लागल्या. दीड वर्ष गेलं. एक दिवस त्याने बसमध्ये पेढे वाटले. मुलगी बोलली होती. काय बोलली म्हणून सगळ्यांनी विचारलं, तर 'नको.' 'नको'चे पेढे मी जन्मात पहिल्यांदा खाल्ले.

मग बाईंची बदली झाली. नवे गुरुजी सज्जन होते, पण वही न वाचता सही करायचे. पोरं पाच उरली. शाळा खालच्या गावातल्या शाळेला जोडणार, अशी बोलणी सुरू झाली. मुंबईहून भाऊ फोनवर फोन करत होता, इथे खास शाळा आहे, शिकलेले शिक्षक आहेत, घेऊन ये. पण मुंबईचा गोंगाट आणि ती पोर? अख्ख्या बसने मतं दिली. निम्मी बस म्हणाली जा, निम्मी म्हणाली पोरीला मारशील.

"तू काय म्हनतोस? न फुगवता सांग," त्याने मला विचारलं.

"मला कळत नाही," मी म्हणालो.

"मला पन नाय."

चार दिवसांनी त्याने राजीनामा दिला. म्हणाला, "तितं वही वाचनारी मानसं नेमलेली हायत. इतं एक होती, ती नशिबानं."

निघायच्या दिवशी मी मेहुण्याची जीप घेऊन सकाळीच वाडीवर गेलो. तो, त्याची बायको आणि मध्ये ती. घाट उतरायला लागलो आणि माझा हात सवयीने हॉर्नवर गेला, तो मी उचलला. आंधळं वळण आलं की गाडी थांबवायची, खाली उतरून पलीकडे बघून यायचं आणि मग वळायचं. पोलादपूरपर्यंत मी निम्मा घाट चालत उतरलो, हे फुगवून सांगत नाही.

"भावजी, अशानं मुंबईची बस मिळंल ना?" त्याच्या बायकोने विचारलं.

"तुम्हाला घेतल्याशिवाय तिची काय बिशाद जायची," मी म्हणालो.

बस मिळाली. पोर खिडकीशी बसली, पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावरून बोट फिरवत. मी खालून हात केला, तिने पाहिलं नाही. ड्रायव्हर चढला, त्याने दार ओढलं, आणि स्टँडवरच्या गर्दीला हटवायला जो हॉर्न मारला तो थांबायलाच तयार नव्हता. बस वळेपर्यंत मला खिडकीत तिचा चेहरा दिसत होता, आणि तिच्या दोन्ही कानांवर बापाचे दोन्ही हात.