नसरीननेच सांगितलं असणार

किकवीच्या थांब्यावर आम्ही दोघी पुण्याच्या एसटीची वाट बघत होतो, मी आणि शेजारची नसरीन. अंगावर एकाच ताग्यातले काळे बुरखे, माझ्या अब्बांनी शिवलेले. ते गावात टेलर. "दोघी हायसा म्हणून पाठवतोय," ते म्हणाले.

कॉलेजच्या लॅबमध्ये बर्नरजवळ बुरखा चालत नसे. मी तो बॅगेत ठेवायचे, वर अ‍ॅप्रन, डोक्यावर ओढणी. हळूहळू लॅब सुटल्यावरही तो बॅगेतच राहू लागला. नसरीन बाहेर पडली की लगेच घालायची. मला काहीच बोलायची नाही, आणि त्याचीच मला धास्ती वाटायची.

दोन महिन्यांनी हॉस्टेलवर अब्बांचा फोन आला. "उघडी फिरतीस म्हणं कालेजात?" कुणी सांगितलं, ते बोलेनात. पण गावचं दुसरं होतं कोण तिथे?

"म्या कशाला सांगू?" नसरीन म्हणाली. तिचा आवाज मला जरा जास्तच शांत वाटला. मी खोली बदलली, मेसमध्ये वेगळी बसू लागले. हे तिच्या घरी कळलं. सुट्टीला गेली ती परत आलीच नाही. "एकली कशी ऱ्हाईल पोर?" तिची आई म्हणाली. माझं शिक्षण सुटू नये म्हणून अम्मी अब्बांशी भांडली. नसरीनसाठी कुणी नाही. वर्षभरात तिचं मार्गासनीला लग्न झालं. मी एम.एस्सी. झाले, पुण्यातच नोकरीला लागले.

वीसेक वर्षं गेली. मागच्या वर्षी अब्बा डोळ्याच्या ऑपरेशनला माझ्याकडे आले. चहा पिता पिता सहज म्हणाले, "तवा म्या सोता आल्तो कालेजात. गेटासमोर टपरीवर बसून बगितलं. नसरीनला इचारलं, तर म्हणाली, काका, ती न्हाई, दुसरी कुणी असंल."

मी मार्गासनीला गेले. सगळं सांगितलं. नसरीन तांदूळ निवडत होती, हात थांबले नाहीत.

"तवाच इचारायचंस," ती म्हणाली. मग निवडलेले तांदूळ डब्यात ओतत, "पोरगी बारावी झाली. पुण्याला जायचं म्हनती. तुज्याकडं ठिवू का नको, त्येच कळंना."

जूनमध्ये तिने पाठवली.

गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या बायांनो, खरं सांगते. पोरगी सकाळी बुरखा घालून निघते. वळणापुढे काय करते, हे बघायला माझे पाय अजून गॅलरीकडे वळतात. मी त्यांना आवरते. ज्या दारातून ती रोज न घाबरता आत येईल, त्यालाच आता मी घर म्हणते. ते अजून पुरतं झालेलं नाही.