मेव्हण्याच्या टाकीवरचा चिकटा

"सकाळची थंड असते. चोक देऊन चालू करा."

नऊ वर्षांत माझ्या मेव्हण्यानं माझ्याशी बोललेली ही पहिली दोन वाक्यं. त्याआधी लग्नाकार्यात कधी समोरासमोर आलोच, तर तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायचा. तिथं सहसा भिंत असायची. दोष माझाच होता, तोही जन्मजात. मी घाटावरचा, शाळेत भूमिती शिकवणारा आणि मासे न खाणारा. बायको पनवेलकडच्या ओवे गावची, भातशेतीवाल्या घरातली. घाटी जावई एक वेळ त्यांनी गिळला असता, पण समोर सुरमई वाढली की दह्याची वाटी मागणारा घाटी जावई कुणाच्याच घशाखाली उतरेना. तिनं तरीही माझ्याशी लग्न केलं आणि तिचं माहेर तुटलं. तीन वर्षांपूर्वी तिची आई गेली तेव्हा आम्ही दोघं ओव्याला गेलो. अंगणातच उभं राहून परत आलो.

आणि आता हा माणूस सुकापूरला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आपली मोटारसायकल लावत होता. ओव्याचं घर पाडून तिथं चार मजली बांधायला काढलं होतं. सिमेंटच्या धुळीत गाडी नको, दोन महिने तुमच्याकडे राहू द्या, आठवड्यातून एकदा फिरवा, एवढं सांगून त्यानं किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. बायको चहा घेऊन खाली येईपर्यंत तो रिक्षात बसून गेलाही होता.

त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "माझं माहेर त्या गाडीवर बसून परत आलंय. ओरखडा गेला ना, तर याद राख."

तिसऱ्या रविवारी ओरखडा गेला.

एक नाही, दोन. कारण माझं पोट आणि माझ्या पट्ट्याचं पितळी बक्कल. नवीन पनवेलकडे जाताना एक गतिरोधक मला दिसला नाही. मी पुढे सरकलो, बक्कल टाकीवरून मागेपुढे फिरलं आणि काळ्या रंगावर काडेपेटीच्या काडीएवढ्या दोन समांतर रेषा उमटल्या. अगदी समांतर. मी वर्गात फळ्यावर काढतो त्यांच्यापेक्षा चांगल्या.

तळमजल्यावर एक काका राहतात. तळोज्याच्या केमिकल कारखान्यातून निवृत्त झालेत, आणि जगातल्या प्रत्येक अडचणीत चुकीचं केमिकल वापरलं गेलंय असं त्यांचं ठाम मत आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून टाकी पाहिली. "रंगवायला जाऊ नका, छटा जुळत नाही. वर टँक पॅड लावा. ओरखडे झाकले जातात आणि तुमचं पोटही रोखलं जातं."

टँक पॅड म्हणजे टाकीच्या मागच्या बाजूला, चालवणाऱ्याच्या पोटासमोर चिकटवायचा जाड रबरी तुकडा. मी पनवेलच्या बाजारातून आणला. काळा, चकचकीत, माशाच्या काट्यासारखा: मधे कणा, दोन्हीकडे फासळ्या. पाकिटावर लिहिलं होतं की पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा आणि गुळगुळीत हवा. इथंच माशी शिंकली. ओरखड्यांना लागूनच, नेमक्या पॅडच्या जागी, एक जुनी सेलोटेपची रुंद पट्टी होती. उन्हानं पिवळी पडलेली, कडांना धूळ खाऊन काळी झालेली, आणि खाली चहा सांडून वाळल्यासारखे दोन डाग. कुठल्या तरी फाटलेल्या स्टिकरचा अवशेष असावा असं आम्ही धरून चाललो.

"दादा पहिल्यापासून असाच," बायको म्हणाली. "लाखाची गाडी घेईल, पण एक पट्टी काढायला हात वळणार नाही. काढून टाक. त्याला पण बरं वाटेल." आणि तिनं स्वतः घरातून खोबरेल तेलाची बाटली आणून दिली.

मी नखानं सुरुवात केली. अर्ध्या तासात पट्टीचा एक कोपरा निघाला आणि माझ्या अंगठ्याचं नख निघायच्या बेतात आलं. मग मुदत संपलेलं एटीएम कार्ड घेतलं. ते पहिल्याच दिवशी दुभंगलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी उष्णतेची आज्ञा दिली. दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडून बायकोचा हेअर ड्रायर खाली आला. टाकीत पेट्रोल असल्यानं काकांनी सुरक्षेची सूत्रं हाती घेतली. सोसायटीची वाळूची लाल बादली आणली, तिच्यात वाळू कमी आणि पानाच्या पिचकाऱ्या जास्त निघाल्या. तरी ती माझ्या उजव्या हाताला ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दहा फूट लांब उभं करत होते आणि स्वतः टाकीवर वाकून थर्मामीटर धरत होते. ताप मोजायचा थर्मामीटर. "एकशे दोन!" ते ओरडले, आणि मला खरोखरच गाडीची काळजी वाटली. लिफ्टपाशी उभ्या असलेल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "धुतलीत वाटतं? उन्हात लावायची ना."

पट्टी मऊ झाली. वरचं प्लास्टिक लांबच लांब दोऱ्यासारखं ओढत निघालं. मला इतका आनंद झाला की मी काकांशी हस्तांदोलन केलं, आणि आम्हाला एकमेकांचे हात सोडवायला वेळ लागला. कारण प्लास्टिक गेलं तरी चिकटा राहिला होता. टाकीवर, माझ्या हातांवर आणि आता काकांच्याही.

चिकटा ही काय चीज आहे हे ज्यानं काढलाय त्यालाच कळतं. पुसला की पसरतो. हातरुमालाएवढी जागा होती, ती संध्याकाळपर्यंत पंच्याएवढी झाली. जुन्या बनियनने पुसलं तर बनियनची लव चिकटली आणि मेव्हण्याच्या काळ्या टाकीला पांढरी दाढी आली. त्या रात्री मी जेवलो नाही. बायको मला धीर देत नव्हती, नुसती बघत होती. ते जास्त वाईट होतं. तिचं माहेर आणि मी यांच्यामध्ये आता एक केसाळ टाकी उभी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मासेवाली मावशी आली. करंजा बंदरावरून येते, आमच्या गेटपाशी टोपली उतरवते. माझ्याकडे मासे न घेणारा म्हणून ती कधी ढुंकूनही बघत नाही, पण त्या दिवशी टोपली सोडून पार्किंगमध्ये आली.

"काय घासतंस मास्तर?"

मी सांगितलं.

"खवलं काढताना आमी दाबतो काय? तेल लाव नि गप बस. घासू नको. तेलाला काम करू दे, तू चा पी."

काका म्हणाले, "तेल चालेल, पण खोबरेल नव्हे. निलगिरी."

"निलगिरी सर्दीला," मावशी म्हणाली.

"द्रावक आहे ते!"

"असंल. आमच्यात सर्दीला लावतान."

मी दोघांचं ऐकलं. आधी खोबरेल लावून चहा घेतला, मग निलगिरी. सगळं पार्किंग वासानं भरून गेलं, आणि लिफ्टची वाट बघणारी माणसं नाकं मोकळी करून वर जाऊ लागली. चौथ्या दिवशी दुपारी मऊ फडक्याच्या एका हलक्या हातानं उरलेला सगळा चिकटा, लव आणि ते दोन तपकिरी डाग एका दमात निघून आले. खाली रंग आरशासारखा. त्यात माझं तोंड दिसलं आणि मला ते आवडलं. भूमितीच्या मास्तराला असं क्वचितच वाटतं. फडकं मी घंटागाडीत टाकून दिलं.

मग पॅड. मी घरून मोजपट्टी, कंपास आणि खडू आणला. टाकीला एकही सरळ रेषा नसते हे मला तेव्हा कळलं. सगळे वक्र, आणि तेही पुस्तकात नसलेले. तरी मी मध्यरेषा काढली. साबणाचं पाणी शिंपडलं, म्हणजे पॅड जरा सरकवता येतो असं काका म्हणाले होते. चिकटवणार तेवढ्यात गेटवरून मावशीचा आवाज आला.

"उलटा धरलास!"

"पाकिटावर असंच चित्र आहे, मावशी."

"चित्र काढणाऱ्यानं मासा बघितला नाय. रुंद अंग डोक्याचं. डोकं पुढं जातं, शेपूट मागं. गाडी मागं जाते काय?"

काकांनी पाकीट उलटसुलट पाहिलं. त्यावरची अक्षरं चिनी होती. तिघांत मासा ओळखणारी एकच व्यक्ती होती, तेव्हा मी पॅड फिरवला. स्वयंपाकघरातल्या उलथन्यानं खालचं पाणी बाहेर काढलं, फासळ्या दाबून बसवल्या. दोन्ही ओरखडे कण्याखाली गडप झाले. चोवीस तास हात लावायचा नव्हता, म्हणून मी खुर्ची टाकून गाडीपाशी बसलो आणि तिथंच घटक चाचणीचे पेपर तपासले. मुलांना त्या वेळी बरे गुण मिळाले.

दोन महिने भरले त्या रविवारी सकाळी मेव्हणा आला. बायको त्याच्याआधी खाली उतरून उभी होती. केसांना तेल, चांगली साडी, हातात चहाचा ट्रे. मी चोक देऊन गाडी चालू करून दाखवली आणि बंद केली. तो गाडीभोवती फिरला. पॅडपाशी थांबला.

"बरा हाय," तो म्हणाला.

मी फुगलो. मग त्याचा हात टाकीकडे गेला आणि मधेच थांबला.

"इथं पट्टी होती, भावजी."

"काढली!" मी म्हणालो. आणि मी सगळं सांगितलं. नख, कार्ड, ड्रायर, एकशे दोन ताप, दाढी, निलगिरी. चांगलं रंगवून सांगितलं. नऊ वर्षांचं बोलणं साठलं होतं ना. तो एकदाही हसला नाही, पण मला वाटलं, त्याची पद्धत असेल.

"सगळं काढलं?"

"सगळं. डाग म्हणून शिल्लक नाही."

तो गाडीच्या सीटला टेकला.

"आईची बोटं होती ती," तो म्हणाला. "गाडी आणली त्या दिवशी तिनं लावलेली. एक हळदीचं, एक कुंकवाचं. पोटाला घासून जाईल म्हणून मी वरून टेप मारली. दोन महिन्यांपूर्वी घर पाडलं. ओट्यामागच्या भिंतीवर तिचे तेलाचे हात होते, ते पण गेले. म्हणून गाडी इथं आणून ठेवली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माझ्या दोन्ही हातांनी, चार दिवस, मन लावून केलं होतं. मला जे सुचलं ते मूर्खपणाचं होतं. "मी पॅड काढतो," मी म्हणालो. जणू खाली काही असणार होतं.

बायकोनं ट्रे वाळूच्या बादलीवर ठेवला. "तेल मी दिलं, दादा. मला माहीत नव्हतं. मी नव्हतेच ना तेव्हा तिथं."

काका तळमजल्याच्या खिडकीतून दिसले आणि शहाणपणानं आत गेले. मी मनात ओव्याचा दरवाजा दुसऱ्यांदा बंद होताना बघत होतो, आणि या वेळी तो मीच ओढून घेतला होता.

मग मेव्हण्याचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतोय. रडतच होता, पण मधेमधे हसतही होता.

"तिला तो डाग आवडत नव्हता," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागं लागलेली. पूस ते, नवी गाडी हाय, घाण दिसतं. अगदी हॉस्पिटलात पडली तरी विचारायची, पुसलंस काय रे? मी बोललो, पुसीन, पुसीन. तिला बरी करून घरी नेतो नि मग पुसतो असं डोक्यात होतं." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "मी नाय ऐकलं कधी. तुमी दोघांनी ऐकलं."

"पॅड काढू का?" मी पुन्हा विचारलं.

"नको. परत चार दिस घासत बसाल."

बायको पुढे झाली. "कुठं होतं?"

त्यानं तिचा हात धरून पॅडवर नेला. एक बोट इथं, एक इथं, असं दाखवलं. मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "स्लॅब पडलाय पहिला. किचन कुठं घ्यायचं ते कुणी सांगायला नाय. चल, बघून ये."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हेल्मेट तिच्या हातात दिलं. चहा तसाच राहिला. ती चांगल्या साडीवर, घरातल्या सपातांतच मागे बसली. गाडी गेटबाहेर वळली तेव्हा तिचा एक हात भावाच्या खांद्यावर होता आणि दुसरा त्याच्या कमरेजवळून पुढे गेला होता, टाकीपर्यंत पोचतोय का बघत.